हुतूतू ते आशियाई कबड्डी : एका महासंघाची वाटचाल

रायपूर आणि दुर्ग या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या भिलाईचे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो पोलाद कारखाना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भातशेतीच्या या मुलखाचा चेहरामोहराच बदलला. कारखान्याच्या आधाराने आसपास लहान-मोठे उद्योग उभे राहिले. हथखोजचे अवजड औद्योगिक क्षेत्र हे त्यांपैकी एक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती, आणि मुंबई-हावडा लोहमार्गाने आजही भिलाई विदर्भाशी जोडलेली आहे. त्यामुळे या औद्योगिक पट्ट्यात मराठी कुटुंबे आढळली तर त्यात नवल ते काय!

परंतु भिलाईची आणखी एक ओळख आहे आणि ती पोलादाशी संबंधित नाही. १९७८ मध्ये, भिलाई मध्य प्रदेशात असताना, तेथे राष्ट्रीय कबड्डी स्पर्धांचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्या निमित्ताने आशियातील विविध देशांच्या प्रतिनिधींची खास परिषद बोलावण्यात आली आणि तीत आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. ज्या खेळाला कोकणातील आणि देशावरील जुनी पिढी ‘हुतूतू’ म्हणत असे, तो खेळ त्या परिषदेनंतर औपचारिकरीत्या एका खंडाचा झाला. बारा वर्षांनी तो आशियाई क्रीडा स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून दाखल झाला.

एखाद्या खेळाचा विकास म्हणजे नेमके काय? पदके आणि चषक ही त्याची दर्शनी बाजू. त्यामागे नियमपुस्तिका, पंचांच्या परीक्षा, शालेय स्पर्धा, प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम आणि संघटनेच्या बैठकांचे इतिवृत्त असा बराच निरस वाटणारा पसारा असतो. कबड्डीच्या बाबतीत हा पसारा मांडण्यात मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. त्या संघटनेची वाटचाल अभिमानास्पद आहे आणि काही ठिकाणी अस्वस्थ करणारीही आहे.

एक खेळ, अनेक नावे

हा खेळ भारतात किती जुना, याविषयी महाभारतातील अभिमन्यूपर्यंत दाखले दिले जातात. ते श्रद्धेचे विषय म्हणून बाजूला ठेवू. इतके मात्र खरे की, विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात हुतूतू, तमिळ प्रदेशात चेडुगुडू आणि बंगालमध्ये हाडुडू या नावांनी जवळपास एकच खेळ खेळला जात होता. ‘जवळपास’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्रांतात मैदानाचे माप वेगळे, खेळाडूंची संख्या वेगळी आणि दम घेण्याचा उच्चारही वेगळा. परगावचा संघ सामन्याला आला की पहिला अर्धा तास नियमांच्या वाटाघाटींत जावा आणि शेवटचा अर्धा तास भांडणात, अशीच एकूण परिस्थिती असली पाहिजे.

खेळाचे प्रमुख प्रकार तीन होते. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक बाद गडी पुन्हा मैदानात येतो. ‘गनिमी’ प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राहतो. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त त्याच्या नावावर गुण मोजला जातो. पुढे राष्ट्रीय स्तरावर संजीवनी प्रकार स्वीकारला गेला, आणि हा निर्णय अत्यंत दूरदृष्टीचा ठरला. गनिमीत चांगला खेळाडू एकदा बाद झाला की प्रेक्षकांचा रस संपतो. अमरमध्ये बाद होण्याची धास्तीच उरत नाही. संजीवनीत नुकसान होते आणि ते भरूनही काढता येते. थकीत कर्जखाते नियमित झाल्यावर खातेदाराच्या चेहऱ्यावर जो भाव दिसतो, तोच बाहेर बसलेला गडी पुन्हा आत धावतो तेव्हा दिसतो, असे एखाद्या बँक कर्मचाऱ्याला वाटल्यास ते क्षम्य मानावे.

नियम ठरवण्याचे पहिले संघटित प्रयत्न महाराष्ट्रात झाले. १९१८ मध्ये नियमांना प्रथम निश्चित रूप देण्यात आले आणि १९२३ मध्ये ते छापले गेले. त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा केल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांसमोर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत खेळाचा समावेश झाला. मुद्दाम नोंदवण्याजोगी बाब अशी की, खेळ जगाला दाखवण्याचे काम आणि तो देशात एका नियमाखाली आणण्याचे काम ही दोन्ही एकाच काळात चालली होती, आणि दुसरे काम पहिल्याहून अधिक कठीण होते.

पायऱ्या बांधण्याची वर्षे

स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, अखिल भारतीय कबड्डी महासंघाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला. दोन्ही महासंघांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये भरली आणि दोन्ही मद्रासमध्येच. या योगायोगाकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही, परंतु त्यात शिकण्यासारखे बरेच आहे.

व्हॉलीबॉल १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक गावी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने तयार केला आणि ख्रिस्ती युवक संघटनेच्या केंद्रांमार्फत तो भारतात आला. नियम तयार, जाळीची उंची ठरलेली, १९४७ पासून आंतरराष्ट्रीय महासंघही अस्तित्वात. भारतीय संघटनेचे काम होते ते खेळाडू घडवून त्यांना जगाच्या मैदानात उतरवण्याचे. ते तिने केलेही. १९५८ च्या तोक्यो आशियाई स्पर्धांत कांस्य, १९६२ मध्ये जकार्तात रौप्य आणि १९८६ मध्ये सोल येथे पुन्हा कांस्य अशी पदके भारताला मिळाली. कबड्डी महासंघापुढील काम याच्या अगदी उलट होते. खेळाडू गावोगावी आयते उपलब्ध होते. नव्हते ते जग. ज्यांच्याशी खेळायचे ते देशच आधी तयार करावे लागणार होते.

त्यापूर्वी घर बांधणे आवश्यक होते. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्यात झाली. मुलींनी मैदानी खेळ खेळावा की नाही यावर घराघरांत वाद होण्याच्या त्या काळात, पुरुषांनंतर अवघ्या तीन वर्षांत महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भरवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १९६१ मध्ये विद्यापीठ स्पर्धांत आणि १९६२ मध्ये शालेय राष्ट्रीय स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. १९७१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविका अभ्यासक्रमात कबड्डी दाखल झाली, म्हणजे कबड्डीचा प्रशिक्षक हा पदवीधर व्यावसायिक होऊ शकला. १९७२ मध्ये महासंघाची पुनर्रचना होऊन तो भारतीय हौशी कबड्डी महासंघ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच वर्षी महाराष्ट्राचे सदानंद शेट्ये यांना कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे शकुंतला खटावकर, शांताराम जाधव अशी मराठी नावे त्या यादीत येत राहिली.

या काळातील संघटनकार्याचा उल्लेख शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. महाराष्ट्राने त्यांना ‘कबड्डी महर्षी’ म्हटले, आणि त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा होतो. खेळाडूच्या नावाने दिवस साजरा होणे आपल्याला अपरिचित नाही. संघटकाच्या नावाने तो होणे हे विरळाच. यावरून क्रीडारसिकांना त्या कामाचे मोल कळले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे बँकांचाही उल्लेख ओघाने येतो. मुंबईत गिरणी, बंदर, रेल्वे, पोलीस आणि बँका यांच्या संघांमुळे कबड्डीपटूला नोकरी मिळू लागली. लालबाग-परळच्या चाळीतील किंवा कोकणातून आलेल्या तरुणाला खेळाच्या जोरावर कायम वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि सरावासाठी दुपारनंतरची सवलत मिळणे ही त्या काळी खेळाला मिळालेली सर्वांत मोठी मदत होती. या खेळाला साहित्य असे काही लागत नाही हे खरे. परंतु खेळाडूला पोट असते.

भिलाई, १९७८

अशा रीतीने देशांतर्गत पायऱ्या बांधून झाल्यावर महासंघाने सीमेपलीकडे पाहिले. पहिले पाऊल नैसर्गिकच होते. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशात गेला आणि तेथे निरनिराळ्या ठिकाणी पाच कसोटी सामने खेळला. अवघ्या तीन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या त्या देशाने या खेळाला राष्ट्रीय खेळाचा मान दिलेला होता. १९७९ मध्ये बांगलादेशाचा संघ परतीच्या दौऱ्यावर भारतात आला आणि येथेही पाच सामने झाले. या दोन दौऱ्यांच्या मध्ये भिलाईची परिषद येते.

रौप्यमहोत्सवासाठी भिलाई हे ठिकाण किती शोभणारे होते, याचा थोडा विचार करावा. पोलाद कारखान्यामुळे देशाच्या प्रत्येक प्रांतातून माणसे येथे आली आणि कारखान्याच्या वसाहतींत एकमेकांच्या शेजारी राहू लागली. म्हणूनच या नगरीला ‘छोटा भारत’ म्हटले जाते. एका घरी लहानपणी हुतूतू खेळलेला मराठी माणूस, दुसऱ्या घरी चेडुगुडू खेळलेला तमिळ आणि तिसऱ्या घरी हाडुडूचा बंगाली, अशी शेजारपणे तेथे अशक्य नव्हती. एका नियमपुस्तिकेने या सर्वांना एकाच मैदानावर आणले होते. मग तेच तत्त्व देशांना का लागू होऊ नये? परिषदेने त्या प्रश्नाला उत्तर दिले.

आशियाई महासंघ स्थापन झाला म्हणून लगेच काही घडले नाही. कागदावरच्या महासंघाला प्रत्यक्ष देश मिळवून देण्यासाठी माणसांना फिरावे लागले. १९७९ मध्ये प्रा. सुंदरराम हे आशियाई महासंघाच्या वतीने जपानला गेले आणि तेथे दोन महिने राहून त्यांनी खेळाचे धडे दिले. ज्या देशात कबड्डी हा शब्दही कोणी ऐकला नव्हता, तेथे ‘दम’ ही कल्पना कशी समजावून सांगितली असेल? खेळाडूने एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे, निदानरेषा ओलांडावी, कोणाला तरी स्पर्श करावा आणि श्वास न तोडता मध्यरेषेवर परतावे, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्याची व्याख्या करण्याची वेळच येत नाही. परक्या माणसाला शिकवताना मात्र प्रत्येक गोष्ट मोजून सांगावी लागते. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदान, सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे, संपूर्ण संघ बाद झाल्यास लोणाचे दोन जादा गुण. शिकवण्याच्या निमित्ताने खेळ स्वतःच अधिक रेखीव झाला, असेही म्हणता येईल.

१९८० मध्ये कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत विजेता आणि बांगलादेश उपविजेता ठरला. १९८१ पासून देशात फेडरेशन चषक स्पर्धा सुरू झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले आणि १९८५ मध्ये ढाक्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत ती दाखल झाली. अखेर १९९० मध्ये बीजिंग येथे आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. भारताने सुवर्णपदक जिंकले, बांगलादेशाने रौप्य आणि पाकिस्तानने कांस्य. महाराष्ट्रातून अशोक शिंदे आणि राजू भावसार हे खेळाडू त्या सुवर्णविजेत्या संघात होते. भिलाईपासून बीजिंगपर्यंतचे अंतर बारा वर्षांत कापले गेले. कोणत्याही देशी खेळाच्या संघटनेला हेवा वाटावा असाच हा वेग आहे.

शिष्य मोठे होतात

१९९० पासून २०१४ पर्यंत सात आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडेच राहिले. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघ अस्तित्वात आला आणि त्याच वर्षी मुंबईत पहिला विश्वचषक भरला. अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५-२७ असे हरवले. २००७ च्या पनवेल येथील दुसऱ्या विश्वचषकात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर होते, परंतु या वेळी गुणफलक २९-१९ असा होता. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तो २७-२५ झाला. नफातोटा पत्रक वाचण्याची सवय असलेल्या माणसाला या तीन आकड्यांतून पुढची दिशा दिसायला हवी होती.

इराणमध्ये ‘झू’ नावाचा याच जातीचा पारंपरिक खेळ पूर्वीपासून होता, आणि कुस्ती हा तर त्या देशाचा श्वासच. ज्या मुलांना पट काढणे आणि पकड घालणे लहानपणापासून अवगत आहे, त्यांना नियमपुस्तिका मिळाली की बाकीचे फार शिकवावे लागत नाही. दक्षिण कोरियाची गोष्ट याहून नवलाची. तेथे अशी कोणतीही परंपरा नसताना २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकाच्या सलामीलाच त्या संघाने यजमान भारताला ३४-३२ असे हरवले. अनुप कुमारच्या संघाने नंतर अंतिम फेरीत इराणवर ३८-२९ अशी मात करून चषक राखला, ही गोष्ट वेगळी.

महिलांच्या कबड्डीला आशियाई क्रीडा स्पर्धांत स्थान मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले. १९५५ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही प्रतीक्षा फारच लांबली. ग्वांगझोऊ येथे भारतीय महिलांनी पहिलेच सुवर्णपदक पटकावले. २०१२ मध्ये पाटण्यात झालेल्या महिलांच्या पहिल्या विश्वचषकात अंतिम फेरीत इराणला २५-१९ असे नमवून भारत विजेता ठरला. दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी त्या संघात होत्या. राज्य शासनाने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. ज्या खेळात एके काळी विजेत्या संघाला फेटा आणि नारळ देऊन गौरवले जाई, त्या खेळातील मुलींच्या बचत खात्यांत एवढी रक्कम जमा होणे हा केवळ आर्थिक बदल नव्हता.

मग २०१८ साल आले. जकार्तात भारतीय पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असे पराभूत झाले. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक हिरावून घेतले. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. निवृत्तीनंतर परक्या देशात, परक्या भाषेत, शाकाहाराची स्वतःची पथ्ये सांभाळत त्यांनी तो संघ उभा केला होता आणि सरावात योगासने व प्राणायाम यांचा अंतर्भाव केला होता. आपल्याच विद्यार्थिनींनी आपल्याच देशाला हरवले तेव्हा आनंद मानावा की खेद, हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक क्रीडाप्रेमींना त्या दिवशी पडला. परंतु १९७९ मध्ये जपानला माणूस पाठवणाऱ्या संघटनेचे उद्दिष्ट तरी दुसरे काय होते? समोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा राहणे, हेच तर हवे होते. चाळीस वर्षांनी ते मिळाले.

पैसा आणि न्यायालय

या दरम्यान खेळाचे अर्थकारण पार बदलले. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगला आठ संघांसह प्रारंभ झाला. माती गेली, मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. पहिल्याच मोसमात सुमारे ४३.५ कोटी प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर हे सामने पाहिल्याची नोंद झाली. महाराष्ट्राचे यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ आरंभापासून आहेत. यू मुंबाने २०१५ मध्ये, तर पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. पलटणचा कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार, आणि संघाचा आधारस्तंभ होता २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतलेला इराणी खेळाडू मोहम्मदरझा शादलू. भिलाईच्या परिषदेतील प्रतिनिधींना हा आकडा कोणी सांगितला असता, तर त्यांनी तो विनोद म्हणून सोडून दिला असता.

दुर्दैवाने संघटनेच्या कारभाराविषयी इतके समाधानाने लिहिता येत नाही. महासंघाचे अध्यक्षपद जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे १९८४ पासून सुमारे तीन दशके होते. खेळ आशियाई आणि आंतरराष्ट्रीय स्तरावर नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता, हे मान्य करावेच लागेल. २०१३ मध्ये ते तहहयात अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे गेले. या व्यवस्थेला आव्हान दिले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे जकार्ताच्या पराभवांच्याच महिन्यात, या नियुक्त्या रद्द ठरवल्या आणि महासंघाचा कारभार प्रशासकाकडे दिला. एका पिढीने कष्टाने नियम छापले, आणि तोच वारसा सांगणाऱ्या संघटनेला स्वतःच्या निवडणुकीचे नियम न्यायालयाकडून समजून घ्यावे लागले.

प्रशासकाची ही राजवट अपेक्षेपेक्षा फार लांबली. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाली तरी कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे गेला नाही, आणि त्यामुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केले. ज्या देशाने खेळ जगाला दिला, त्याच देशाच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येईल की नाही, अशी शंका निर्माण झाली. शेवटी दोन महिला खेळाडूंनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे सोपवण्याचा आदेश दिला, तो मुख्यतः इराणमध्ये होणाऱ्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय संघ जाऊ शकावा म्हणून. भारतीय महिला तेहरानला गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये अंतिम फेरीत यजमान इराणला ३२-२५ असे हरवून परतल्या. खेळाडूंनी आपले काम चोख केले. ते करण्यासाठी त्यांना आधी न्यायालयात जावे लागले, ही नोंद मात्र पुसली जाणार नाही.

नियमपुस्तिकेचा एक परिच्छेद

नियम ही किती गंभीर बाब आहे, याचा प्रत्यय ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आला. महिलांनी तेथे चिनी तैपेईला २६-२५ अशा एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत मिळवले. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत असताना, शेवटचे एखादे मिनिट उरले असता पवन सेहरावत चढाईसाठी गेला. कोणालाही स्पर्श न होता त्याचे पाऊल मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात पडले आणि त्याला रोखण्यासाठी इराणचे बचावपटूही मागोमाग त्या पट्ट्यात शिरले. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चढाईपटूबरोबर ते बचावपटूही बाद. व्यावसायिक लीगमध्ये रूढ झालेल्या नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मैदानावर बसून राहिले. सामना तासभर थांबला. अखेर जुना नियम ग्राह्य धरला गेला आणि भारताने ३३-२९ असा विजय मिळवला.

सुवर्णपदकाचा आनंद योग्यच होता. तरीही १९२३ मध्ये नियम छापून घेणारा एखादा कार्यकर्ता तेथे असता, तर त्याला तो एक तास फार लांब वाटला असता. परगावच्या संघाशी खेळताना नियमांवरून होणारी वादावादी संपवण्यासाठीच तर हा सारा खटाटोप होता. एक नियम देशांच्या महासंघांचा आणि दुसरा व्यावसायिक लीगचा, अशी दुहेरी नोंदवही फार काळ चालवता येणार नाही. ताळेबंद कधीतरी जुळवावा लागतो. ते काम खेळाडूंचे नाही आणि पुरस्कर्त्यांचेही नाही. ते भारतीय आणि आंतरराष्ट्रीय महासंघांचेच आहे.

ऑलिंपिकचा प्रश्न अद्याप दूर आहे. २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळवण्याची इच्छा भारताने व्यक्त केली आहे, आणि त्या अनुषंगाने कबड्डीचे नाव वारंवार घेतले जाते. बर्लिनमधील अमरावतीकरांच्या प्रात्यक्षिकांना त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होतील. परंतु त्यासाठी आशियाबाहेरील पुरेशा देशांत हा खेळ नियमितपणे खेळला गेला पाहिजे, आणि तेथे अजून १९७९ च्या जपानसारखेच, दोन-दोन महिने मुक्काम करून शिकवण्याचे काम बाकी आहे.

घरच्या आघाडीवरही हालचाल आहे. महाराष्ट्राच्या पुरुष संघाने ११ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०१८ च्या जानेवारीत हैदराबाद येथे सेनादलाला ३४-२९ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. छत्तीसगडमध्ये २०२२ आणि २०२३ साली राज्य शासनाने ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ या नावाने पारंपरिक खेळांच्या स्पर्धा गावपातळीपासून भरवल्या, त्यांत कबड्डीचा समावेश होता. हथखोजसारख्या औद्योगिक क्षेत्रात, जेथे पाळ्यांचे भोंगे दिवसाची विभागणी करतात, तेथे मोठे क्रीडांगण मिळणे अवघड असते. १३ मीटर बाय १० मीटरची मोकळी जागा मात्र कोणत्याही शेडच्या मागे सापडते, आणि चुन्याच्या फक्कीने रेषा आखायला दहा मिनिटे पुरतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महिलांचा दुसरा विश्वचषक ढाक्यात झाला. १९७४ चे पाच सामने ज्या देशात खेळले गेले, त्याच देशाच्या राजधानीत भारतीय महिलांनी अंतिम फेरीत चिनी तैपेईला ३५-२८ असे हरवले. हांगझोऊच्या पाठोपाठ ढाक्यातही भारतासमोर अंतिम सामन्यात तोच संघ उभा होता, आणि १९७८ च्या भिलाई परिषदेच्या वेळी त्या बेटावर कबड्डीचे नावही कोणाला परिचित नसावे.